जुनी लाकडी होडी घेतली, त्याला 15 महिने झाले

आज सकाळी भरती लागायच्या आधी खाडीवर गेलो आणि होडीतलं पाणी उपसलं. पाच लिटरचा तेलाचा डबा तिरका कापून केलेला उपसणा आहे. आठ दिवसांचं मिळून सहा उपसणे पाणी निघालं. ऑगस्टच्या शेवटी ती पहिल्यांदा पाण्यात सोडली, त्या रात्री मी बादल्या मोजायचं सोडून दिलं होतं. त्या रात्रीपासून आजच्या सहा उपसण्यांपर्यंत काय काय झालं ते सविस्तर लिहितोय, कारण होडी घेण्याआधी असं काही मराठीत वाचायला मिळावं म्हणून मी फार शोधलं होतं.

होडी 18 फुटी, फळ्या सागाच्या, आतली वाकं, म्हणजे फळ्यांना आतून धरणारे वाकडे आडवे वासे, बाभळीची. विजयदुर्गच्या आत, वाघोटन खाडीच्या काठावर एका आंब्याखाली ती चार पावसाळे पडून होती. मालकाने फायबरची नवी घेतली होती. हिला 28,000 सांगितले आणि मी घासाघीस न करता दिले. नाळ (होडीचं पुढचं टोक) डौलदार होती, वरचा रंग उडून खालचा जुना निळा दिसत होता, आणि मला तेवढं पुरेसं वाटलं. हाताने सुतारकाम शिकायचं होतं, आणि वडिलांच्या लहानपणी घरी होडी होती, तशी पुन्हा असावी असं मनापासून वाटत होतं.

व्यवहार झाल्यावर गिर्ये गावाकडच्या एका म्हाताऱ्या मेस्तांना, म्हणजे होडीच्या सुतारांना, दाखवायला आणलं. हे उलटं झालं. आधी मेस्त, मग पैसे, हा क्रम कुणीही चुकवू नये. त्यांनी खिशातून जुना स्क्रू ड्रायव्हर काढला आणि नाळेपासून मागे मागे फळीफळीला टोचत गेले. पुढे टोक जेमतेम आत जायचं. मागच्या तीन फुटांत ते लोण्यात गेल्यासारखं मुठीपर्यंत गेलं. मला वाटलं, समुद्राने खाल्ली. मेस्त म्हणाले, "खाऱ्या पाण्यान लाकूड कुजना नाय रे झिला. हेका पावसाच्या पाण्यान खाल्ल्यान."

ही एक गोष्ट कळली असती तर मी ती होडी वेगळ्या नजरेने पाहिली असती. लाकूड कुजवते ती बुरशी, आणि बुरशीला मीठ मानवत नाही. तिला गोडं पाणी लागतं, कोंदट हवा लागते. म्हणून रोज समुद्रावर जाणारी होडी वीस वर्षं टिकते आणि तीच काठावर झाप न घालता ठेवली की चार पावसांत जाते. आमच्या होडीची नाळ उंचवट्यावर होती, मागची बाजू उतारावर. पावसाचं सगळं पाणी मागे साचायचं, त्यात आंब्याची पानं कुजायची. मागच्या टोकाला, पठाणाच्या (होडीच्या तळाच्या कण्याच्या) अगदी वर, पाणी जायला एक भोक आहे, त्यात लाकडी बूच घट्ट बसवलेलं होतं. वर ओढताना ते कुणी काढलंच नाही. पानांचा काळा चिखल उपसल्यावर ते मला सापडलं, सुपारीपेक्षा थोडं मोठं, अजून घट्ट. तेवढं एक बूच काढून ठेवलं असतं तर चार फळ्या, तीन वाकं आणि पठाणाचा मागचा दोन फूट तुकडा वाचला असता.

तेव्हा जुनी होडी बघायला जाल तर रंग, वय, मागच्या मालकाचं कौतुक हे सगळं नंतर. आधी ती कशी कलली होती आणि पाणी कुठे साचत होतं ते बघा. तिथेच टोचा.

दुसरा शत्रू समुद्रातला, आणि तो बाहेरून दिसत नाही. पाणरेषेखालच्या एका फळीवर टाचणीच्या डोक्याएवढी पाच-सहा भोकं होती. हातोडी मारली तर बाकीची फळी टणटण वाजायची आणि तिथे आवाज बसका यायचा. फळी कापली तेव्हा आत अंगठ्याएवढे बोगदे निघाले, एकमेकांना न छेदता वळत गेलेले, आतून चुन्यासारखा पांढरा गुळगुळीत थर असलेले. त्याला आपण किडा म्हणतो, पण तो शिंपल्याच्या कुळातला जीव आहे. बारीक असताना भोक पाडून शिरतो आणि आतल्या आत वाढत राहतो. म्हणून बाहेरचं भोक बारीकच राहतं आणि आत फळीची चाळण होते. गोड्या पाण्यात तो तग धरत नाही आणि होडी वर काढून काही आठवडे वाळवली की मरतो. म्हणजे बुरशी रोखायला खारं पाणी हवं आणि किडा मारायला कोरडं. होडीला नुसतं पाण्यात ठेवूनही चालत नाही आणि नुसतं वर टाकूनही नाही. तिचं असं फिरतं राहणं का गरजेचं आहे हे मला त्या कापलेल्या फळीने शिकवलं. तो तुकडा घरात ठेवलाय.

काम डिसेंबरात सुरू झालं. मेस्त आठवड्यातले तीन दिवस यायचे, एकूण 38 दिवस आले. मी बाकीचे दिवस खरवडणं, घासणं, खिळे उपटणं ही कामं केली. कुजलेली फळी काढणं सोपं, चांगली फळी न मोडता काढणं अवघड. जुने लोखंडी खिळे गंजून फुगतात आणि भोवतीचं लाकूड काळं पडतं, ठिसूळ होतं. खिळा ओढला की लाकडाचा गोळा सोबत येतो. मेस्त म्हणायचे, "लाकूड जिता आसा, खिळे मेले." फळी टिकली म्हणून खिळाही टिकला असं धरून चालू नका. आम्ही पाणरेषेखालचे जवळजवळ सगळे बदलले.

इथे माझी एक महागडी चूक झाली. मेस्तांना जाड जस्ताचा मुलामा दिलेले खिळे हवे होते, आत वळवून मारायचे, जुन्या पद्धतीने. मी स्टेनलेसचे स्क्रू आणले, 4,200 रुपयांचे. दुकानदाराने 316 (स्टेनलेसची एक वरची प्रत) म्हणून सांगितले, बिलावर नुसतं 'एसएस' लिहिलं. मागच्या दोन फळ्यांना हट्टाने तेच लावले. दिवाळीपर्यंत त्या फळ्यांवर तांबूस ओघळ आले. एक स्क्रू काढून बघितला, डोकं चकचकीत, पण डोक्याच्या खालची मान कुरतडल्यासारखी. ओळखीच्या फॅब्रिकेटरने तपासून दिलं, तो 304, म्हणजे साध्या प्रतीचा, निघाला. 316 मध्ये मोलिब्डेनम असतं, खाऱ्या पाण्यात त्याचा फरक पडतो, आणि हा फरक चुंबक लावून कळत नाही. पण खरं सांगायचं तर 316 असता तरी मी तिथे पुन्हा लावणार नाही. स्टेनलेसला न गंजता राहायला हवेतला प्राणवायू लागतो, आणि कायम ओल्या फळीच्या पोटात तो पोचत नाही. तांब्याचे खिळे उत्तम, पण मग सगळेच तांब्याचे हवेत. खाऱ्या पाण्यात तांबं आणि लोखंड शेजारी आलं की लोखंड झपाट्याने जातं.

फायबरचा लेप मारून टाक, हा सल्ला मला किमान दहा जणांनी दिला. सगळं झाकलं जाईल, पाणी येणार नाही, पुन्हा बघायला नको. मोह झाला होता, भावही काढला होता. मेस्त एवढंच म्हणाले की मग माका बोलवू नको. आता मला त्यांचं पटतं. जुन्या लाकडात ओल असते, तेल असतं, त्यावर तो लेप नीट धरत नाही. आणि धरला तरी आतली ओल आतच कोंडते आणि फळी लेपाच्या मागे गुपचूप कुजते. लाकडी होडी थोडी हलते, फुगते, आकसते. नवी फायबर होडी ही वेगळी आणि चांगली वस्तू आहे, रोज धंद्याला जाणाऱ्याने तीच घ्यावी. पण जुन्या लाकडाला वरून फायबर चढवणं म्हणजे आजार झाकणं, असं माझं मत झालंय.

सगळ्यात जास्त शिकलो ते फळ्यांचे सांधे भरताना. कापसाचा पीळ करायचा, छिन्नीने आणि लाकडी हातोडीने सांध्यात बसवत जायचं, वरून राळ आणि तेल कढवून केलेलं लुकण भरायचं. ऐकायला दोन ओळींचं काम आहे. मी पहिला सांधा भरला तो ठासून, अभिमानाने, कापूस जराही मऊ लागू नये म्हणून. मेस्तांनी बोट फिरवलं आणि सगळा काढायला लावला. दुसऱ्या बाजूचा एक सांधा मी त्यांच्या अपरोक्ष तसाच ठासला आणि तो राहून गेला. होडी पाण्यात गेल्यावर दोन्ही फळ्या फुगल्या, मध्ये कापसाला जागा उरली नाही, आणि तिसऱ्या दिवशी आतून बघितलं तर एक फळी वाकापासून दोन सूत सुटलेली. सुक्या लाकडात सांधा सैलसर भरायचा आणि उरलेलं काम पाण्यावर सोडायचं. छिन्नीचा आवाज बदलतो तेव्हा थांबायचं. तो आवाज ऐकू यायला मला दीड महिना लागला.

मेअखेर काम संपलं, पावसात पडवीच्या पत्र्याखाली ठेवली. नारळी पौर्णिमा झाली, त्यानंतर अमावास्येच्या उधाणाला वाडीतल्या बाराजणांनी माडाच्या ओंडक्यांवरून ढकलून खाडीत घातली. घातली आणि दहा मिनिटांत घोट्याएवढं पाणी. माझा जीव गोळा झाला. मेस्त काठावर विडी ओढत बसले होते. "घाबरा नको. दोन दिस पाणी पितली, मगे गप रवतली." रात्रभर दोघा पोरांबरोबर उपसत बसलो. पहाटे पाणी कमी झालं. तिसऱ्या दिवशी तो एक सुटलेला सांधा सोडला तर बाकी सगळीकडे फळ्या एकमेकींना भिडल्या होत्या. लाकूड फुगून स्वतः बंद होतं हे आधी माहीत होतं, पण रात्री बाराला अंधारात पाणी गुडघ्याकडे चढत असताना ते माहीत असण्याचा काही उपयोग नसतो. पहिल्या दोन रात्री सोबत माणसं ठेवाच, आणि होडी उथळ जागी बांधा.

आता वापराबद्दल. आठ अश्वशक्तीचं जुनं आउटबोर्ड लावलंय. वाडीतल्या फायबर होडीपेक्षा ती सरळसरळ संथ आहे आणि पेट्रोल जास्त पिते. पण खाडीच्या मुखाशी ओहोटीचं पाणी आणि वारा समोरासमोर आले की लाटा उभ्या राहतात. तिथे ही पाणी कापत जाते, आपटत नाही. पाठीला फरक कळतो. आई पहिल्यांदा बसली तेव्हा ती फळीवर हात ठेवून गप्प बसली होती आणि उतरताना म्हणाली, आबांच्या होडीला असाच वास यायचा.

तो वास काजूच्या टरफलांच्या तेलाचा. बाहेरून आणि आतून त्याचे तीन हात दिलेत. लाकडाला ते फार मानवतं, पण कातडीला नाही. पहिल्याच दिवशी मनगटावर दोन मोठे फोड आले आणि डाग अजून आहे. हातमोजे, पूर्ण बाह्या आणि गॉगल घातल्याशिवाय डबा उघडू नका. देखभाल म्हणाल तर दर पंधरवड्याला उधाणाच्या भरतीला उंच रेतीवर न्यायची, सुकती लागली की ती बसते, मग तळाला चिकटलेले बार्नकल (कडक कवचाचे बारीक जीव) आणि शेवाळ खरवडायचं आणि पुढच्या भरतीला उतरवायची. भरती रोज साधारण 50 मिनिटं पुढे सरकते, तेव्हा सुट्टीचा दिवस आणि सोयीची भरती जुळणं हे वेगळंच गणित असतं. आतून धुवायला मी नळाचं पाणी कधीच वापरत नाही, खाडीचंच मारतो.

कागदांचं थोडक्यात. मासेमारीच्या होडीची नोंद मत्स्यव्यवसाय विभागाकडे असते. जुन्या मालकाच्या नावावरून ती व्यवस्थित उतरली आहे का, हे पैसे देण्याआधी बघा. माझी फाइल दोन महिने फिरली, कारण मूळ पावतीवरचा आणि नाळेवरचा नंबर जुळत नव्हता. आणि 1 जून ते 31 जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते, त्या काळात दुरुस्तीसाठी मेस्त मिळणं कठीण, कारण सगळ्यांच्याच होड्या वर असतात.

खर्च: होडी 28,000, लाकूड 31,000, मेस्तांची मजुरी 45,600, खिळे-कापूस-राळ-तेल-रंग 24,000, जुनं इंजिन 52,000. एकूण 1,80,600. मेहनत धरलेली नाही. पैशाचा हिशोब मांडून हे कुणी करू नये. पण हात काळे करायची हौस असेल, होडी 20 फुटांच्या आत असेल, आणि चालत जाण्याच्या अंतरावर तिला ओळखणारा मेस्त असेल, तर जरूर घ्या. मोठा मचवा पहिल्या वेळी घेऊ नका, त्याची एक फळी बदलायलाही सहा माणसं लागतात. आणि मेस्त मिळत असतील तर लवकर घ्या. ज्या खाडीत मराठ्यांच्या आरमाराची गोदी होती, तिथे आज लाकडी होडीचं काम जाणणारी मोजकीच माणसं मला सापडली, आणि त्यांत पन्नाशीच्या आतला एकही नव्हता.

स्क्रू लावलेल्या त्या दोन फळ्या एप्रिलमध्ये काढायच्या आहेत, या वेळी जस्ती खिळ्यांनी. सुटलेला सांधाही तेव्हाच. त्यासाठी फणसाची एक फळी आणून पडवीत सावलीला ठेवलीय, खाली पट्ट्या घालून, वर दगड ठेवून. मेस्तांनी काल येऊन तिच्यावर नख ओढलं आणि अजून महिना म्हणाले. जुनं बूच मी सुताने मागच्या वाकाला बांधून ठेवलंय. मेमध्ये ती वर ओढली की ओंडके काढायच्याही आधी ते उपटायचं, हे वाडीतल्या पोरांनाही सांगून ठेवलंय.