ब्लूटूथचं बीपी मशीन, आठ महिन्यांनी: घड्याळ सोडून सगळं बरं

कंपनीचं नाव लिहीत नाही, सर्व्हिस सेंटरशी वाद अजून मिटलेला नाही. दंडाला पट्टा बांधायचा, बटण दाबायचं, आकडा ब्लूटूथने फोनवर जातो, त्या जातीचं मशीन. मी ठाण्यात, आई-अण्णा कराडला. अण्णा ७६ वर्षांचे, एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टर. त्यांचं बीपी मला इथे बसून दिसावं म्हणून ३,४०० रुपये घातले. अ‍ॅडॅप्टर वेगळा, ७०० रुपयांना. तो घेतला नाही, चार पेन्सिल सेलवर चालतंय की! या बचतीचं पुढे काय झालं ते येईलच.

पहिला महिना झकास गेला. सकाळी सव्वासातला लोकलमध्ये उभा असताना फोन वाजायचा, १३२/७८. बरं वाटायचं. मग आकडे यायचे बंद झाले.

"अण्णा, बीपी घेत नाही का तुम्ही?"

"आरं, रोज घेतोय की. वहीत लिवलंय, वाचून दावू?"

तीन दिवस हेच. मी त्यांच्यावर चिडायचो, ते माझ्यावर, आणि बहुतेक दोघांचंही बीपी वाढायचं. पहिला संशय लोकेशनवर. अण्णांचा फोन अँड्रॉइड १० चा, त्यात ब्लूटूथचं यंत्र शोधायला लोकेशन चालू लागतं (अँड्रॉइड १२ पासून ही भानगड वेगळी केली आहे). अण्णांनी ते बंद केलं होतं, "बॅटरी खातंय" म्हणून. चालू करून घेतलं, पण फरक शून्य.

सर्व्हिस सेंटरला फोन केला तर म्हणे मशीन बॉक्स आणि बिलासकट साताऱ्याला आणा. पंचाहत्तरीपुढच्यांना एसटी फुकट आहे, म्हणून निदान अण्णांचं तिकीट वाचलं. तिथे मशीन पोपटासारखं बोललं. "ओके आहे काका," म्हणत २५० रुपये तपासणीचे घेतले. वॉरंटीत! यावर मी दोन मेल केले, उत्तर आलं ते आभाराचं. इथवरचा रिव्ह्यू मी तेव्हाच लिहून ठेवला होता, एक स्टार देऊन.

दिवाळीला कराडला गेलो आणि तो खोडावा लागला. सकाळी अण्णांनी नियमाप्रमाणे पाच मिनिटं टेकून बसून बीपी घेतलं, वहीत लिहिलं, मशीन पालथं केलं आणि चारही सेल काढून प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून ठेवले. रेडिओच्या काळातली सवय. "आत ऱ्हायलं की पाणी सोडत्यात." यात चूक काहीच नाही, सेल गळतातच. पण सेल काढले की या मशीनचं घड्याळ पुसलं जातं आणि पुन्हा लावले की १ जानेवारीपासून सुरू होतं, तेही कुठल्या तरी जुन्या वर्षाच्या. अ‍ॅप तीच तारीख खरी मानतं. मी यादी तळापर्यंत सरकवली तर आकडे सगळे तिथे! अ‍ॅपच्या हिशेबाने अण्णांनी एकाच मध्यरात्री साठेक वेळा बीपी मोजलं होतं.

दीडशे रुपयांच्या मनगटी घड्याळातला बटणसेल दोन वर्षं वेळ सांभाळतो. ३,४०० च्या मशीनमध्ये तसा एक टाकायला काय धाड भरली होती? लांबून लक्ष ठेवायचं म्हणून विकता, आणि आकडा कुठल्या दिवसाचा हेच कळत नसेल तर त्याचं लोणचं घालायचं का? बाकी कशावरही मी एवढा भांडलो नसतो.

आता चांगलं. मशीन मोजतं नीट. डॉक्टरांनी त्यांच्या यंत्राशी ताडून पाहिलं, चारचा फरक. दवाखान्यात अण्णांचं १५८ आलं होतं, गोळी वाढवायचं चाललं होतं. मी वही पुढे केली (अ‍ॅप काय दाखवणार, १ जानेवारी?). दोन आठवड्यांची सकाळ-संध्याकाळची सरासरी १२९. डॉक्टर म्हणाले, दवाखान्यात १४०/९० ला जी रेघ धरतात ती घरच्या मोजणीला १३५/८५ वर येते, आणि यांचं तर त्याच्याही खाली आहे. पांढरा कोट बघून चढतं. गोळी वाढली नाही. त्या दिवशी दोन स्टार वाढवले.

आईसाठी मात्र पट्टा बदलावा लागतो. सोबतचा ३२ सेंटीमीटरपर्यंतचा, आईचा दंड ३५. आखूड पट्टा आकडा वाढवून दाखवतो, ते कळेपर्यंत तिने महिनाभर लोणचं-पापड सोडलं होतं. मोठा पट्टा अर्थात वेगळ्या पैशांत.

शेवटी अ‍ॅडॅप्टरही घेतला, ७०० देऊनच. मोजून झालं की अण्णा बोर्डावरचं बटण बंद करतात, वीज जळते म्हणून. तरी सेल आत राहू द्यायचे, एवढं कबूल करून घेतलं आणि दीड महिना तारखा बरोबर आल्या.

परवा पुन्हा १ जानेवारी. फोन केला. स्वयंपाकघरातलं भिंतीवरचं घड्याळ बंद पडलं होतं, त्याला अण्णांनी मशीनमधला एक सेल लावला होता.

"त्ये आता टायमात चालतंय बघ," अण्णा म्हणाले.