सहा महिने मोकळे आहेत: उत्तरकाशी की माण-कोयना?

एक सेमिस्टर सोडायचं, किंवा पदवी आणि एमएस्सीच्या मधले सहा महिने मोकळे ठेवायचे, एवढं घरात मान्य करून घेतलंय असं धरून पुढचं लिहितो. डोंगर, निसर्गाचं काम आणि चार माणसं सोबत घेऊन चालणं, या तिन्ही गोष्टी शिकायच्या आहेत हेही धरलंय.

साताऱ्या-सांगलीकडच्या पोरांपुढे मग दोन वाटा उरतात. एक हिमालयाची: उत्तरकाशीची नेहरू गिर्यारोहण संस्था किंवा दार्जिलिंगची हिमालयन माउंटेनियरिंग इन्स्टिट्यूट, तिथला २८ दिवसांचा बेसिक कोर्स, जमलंच तर पुढचा ॲडव्हान्स. दुसरी वाट घरची: पश्चिमेला कोयना-चांदोलीचं जंगल आणि कासचा सडा, म्हणजे खडकाळ पठार, पूर्वेला माण, खटाव, आटपाडी, जतचा दुष्काळी पट्टा. परदेशातल्या आउटडोअर सेमिस्टरची फी डॉलरमध्ये असते, म्हणून ती बाजूलाच ठेवतो.

हिमालयाच्या कोर्सबद्दल आधी चांगलं सांगतो, कारण ते खरंच चांगलं आहे. दोराचं काम तिथे ज्या शिस्तीत शिकवतात ती शिस्त आपल्याकडच्या शनिवार-रविवारच्या शिबिरात येत नाही. पहिले काही दिवस खडकावर जातात: गाठी, बिले (चढणाऱ्याचा दोर खालून सांभाळणं), रॅपलिंग (दोरावरून उतरणं), जुमार (दोरावर पकड घेत चढायचं साधन). मग पाठीवर पंधरा-वीस किलोची सॅक घेऊन बेस कॅम्प, आणि तिथून हिमनदीवर क्रॅम्पॉन (बुटांना लावायचे काटे), आइस ॲक्स (बर्फाची कुऱ्हाड), घसरल्यावर स्वतःला थांबवायची सवय. सॅक, बूट, जॅकेट बहुतेक संस्थाच देते. मोजे, थर्मल आणि गॉगल मात्र स्वतःचे आणि चांगले न्यावेत. संस्थेचे बूट शेकडो पायांत जाऊन आलेले असतात. फोड येतात ते बुटांमुळे आणि ओल्या मोज्यांमुळे. त्यामुळे मोज्यांच्या चार जोड्या लागतात आणि टाचेला टेप पहिल्याच दिवशी लावायचा, फोड आल्यावर नाही.

तयारीचं म्हणाल तर साताऱ्याची मुलं नशीबवान. अजिंक्यतारा किंवा यवतेश्वरचा घाट पंधरा किलो घेऊन आठवड्यातून चार वेळा, असं दोन महिने केलं तर बेस कॅम्पच्या वाटेवर दम लागतो पण माणूस मोडत नाही. वजन सॅकमध्ये पाण्याच्या बाटल्यांचं घ्यावं आणि सुरुवातीला वर गेल्यावर पाणी ओतून द्यावं. भरल्या सॅकनं उतरताना गुडघे जातात. शेवटच्या तीन आठवड्यांत मात्र भरल्या सॅकनंच उतरा, कारण तिथे पाणी ओतून द्यायची सोय नाही. सांगलीकरांना जवळ चढ नाही, त्यांनी दंडोबाचा डोंगर गाठावा. विरळ हवेची तयारी मात्र इकडे कुठेच होत नाही. तिथे गेल्यावर हळू चढणं, भरपूर पाणी, आणि डोकं दुखायला लागलं तर लपवून न ठेवता प्रशिक्षकाला सांगणं, एवढंच हातात असतं. ग्रेड जाईल म्हणून डोकेदुखी लपवणारी पोरं असतात, आणि सगळ्यात मोठा धोका तेच पत्करतात. घरच्यांपासूनही धोका लपवू नये. ४ ऑक्टोबर २०२२ ला द्रौपदी का डांडा शिखरावर उत्तरकाशीच्याच संस्थेच्या ॲडव्हान्स कोर्सच्या तुकडीवर हिमस्खलन झालं, त्यात प्रशिक्षणार्थी गेले तसे प्रशिक्षकही गेले.

आता ज्या एका गोष्टीवरून माझा काटा हलला ती सांगतो. ती धोक्याची नाही, पैशाची नाही. ती तारखांची आहे.

हिमालयातल्या कोर्सना वर्षात दोन खिडक्या मिळतात: ढोबळमानानं मार्च ते जून, आणि पाऊस ओसरल्यावर सप्टेंबर ते नोव्हेंबर. यात कुठल्या संस्थेचा दोष नाही, बर्फ आणि पाऊस ठरवतात ते. पण आपलं सेमिस्टर एक तर जून-जुलैत सुरू होऊन नोव्हेंबर-डिसेंबरपर्यंत, नाहीतर तिथून मे-जूनपर्यंत. आता मांडून बघा. पहिलं सेमिस्टर मोकळं असेल तर जून ते ऑगस्ट हातावर हात. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये बेसिक. ॲडव्हान्सला बेसिकमध्ये 'ए' ग्रेड लागते, ती कळते कोर्स संपताना, आणि तोवर त्या हंगामातल्या जागा भरलेल्या असतात. म्हणजे ॲडव्हान्स पुढच्या वसंतात, तेव्हा तुम्ही परत वर्गात. दुसरं सेमिस्टर मोकळं असेल तर डिसेंबर ते फेब्रुवारी रिकामे, मार्च-एप्रिलमध्ये बेसिक, आणि मग 'बघू, मेमध्ये कुणी रद्द केलं तर'. १८० दिवसांत कोर्सचे २८, प्रवासाचे पाच-सहा. बाकीचे जवळजवळ दीडशे दिवस काय करायचं? बहुतेकांचे ते मोबाइलवर जातात. माझे सहा महिने या हिशेबात कसेही बसले नाहीत, आणि एकदा हे खटकल्यावर बाकीच्या गुणदोषांकडे मी फार थंडपणे बघू शकलो नाही, हे आधीच कबूल करतो.

दुसरी, कमी बोलली जाणारी अडचण नेतृत्वाची. कोर्समध्ये तुकडीचे 'रोप', म्हणजे एका दोरावरचे छोटे गट, पाडतात, प्रत्येक रोपला प्रशिक्षक असतो. कुठे तंबू लावायचा, किती वाजता निघायचं, हवा बिघडली तर मागे फिरायचं का, हे निर्णय प्रशिक्षकाचे, आणि ते त्याचेच असावेत. पण मग तुमच्या वाट्याला येतं ते शिस्तीत आज्ञा पाळणं. तेही शिक्षण आहे. त्याला नेतृत्व म्हणायला मी तयार नाही. संवर्धनाचं तर नावापुरतंच: एखादं व्याख्यान, आणि कचरा खाली घेऊन येणं.

घरच्या वाटेत रिकामा महिना नाही. जूनमध्ये जांभूळ पिकतं. त्याचं बी वाळवून ठेवलं तर मरतं, म्हणून गर धुऊन आठवड्याच्या आत पिशवीत टाकायचं. बहाव्याचं उलट: कवच इतकं कडक की उकळून खाली उतरवलेल्या पाण्यात रात्रभर भिजवल्याशिवाय धड उगवत नाही. रोपवाटिकेत हे दोन महिने केलं की झाड म्हणजे काय ते समजायला लागतं. ऑगस्ट अखेर ते ऑक्टोबर कासचा हंगाम: तेरडा, गेंद, सीतेची आसवं. कास २०१२ पासून जागतिक वारशाच्या यादीत आहे. तिथलं काम गर्दी आवरण्याचं आणि लोकांना पायवाटेवर ठेवण्याचं, दिसायला कंटाळवाणं पण माणसांशी बोलायला शिकवणारं. या काळात एक मोह टाळा: सड्यावर खड्डे मारून झाडं लावणं. जांभ्या खडकावर बोटभर माती असते, तिथली फुलं उन्हावर जगतात. सावली केली की ती संपली. माळरानाचंही तेच. माणच्या गवताळ माळावर लांडगा फिरतो तो गवत आहे म्हणून.

कोयना अभयारण्य आणि चांदोली राष्ट्रीय उद्यान मिळून २०१० साली सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. त्यात स्वयंसेवक म्हणून महिनोन्‌महिने राहता येईल असं समजून जाऊ नका. पावसाळ्यात वासोट्याची वाटही बंद असते. बुद्धपौर्णिमेच्या रात्री मचाणावर बसायला मिळालं तर मिळालं. खरं काम मिळतं ते कडेच्या गावांत, जानेवारी-फेब्रुवारीत जाळरेषा, म्हणजे वणवा पसरू नये म्हणून गवत काढून मोकळे केलेले पट्टे, काढताना. वणव्याच्या कामाला जाताना हिमालयाची बॅग घरी ठेवा. तिकडे सुती कपडे चालत नाहीत, भिजले की अंग गारठतं. इकडे पॉलिस्टर चालत नाही, ठिणगी पडली की वितळून कातडीला चिकटतं. जाड सुती पूर्ण बाह्यांचा शर्ट, कातडी बूट, डोक्याला ओला पंचा. आग झोडपायची ती जळून गेलेल्या बाजूनं, वाऱ्याच्या तोंडावर उभं राहून कधीही नाही.

पण माझा कल ज्याच्याकडे आहे ते काम पूर्वेला, डिसेंबरनंतर. सलग समतल चर, म्हणजे पाणी आणि माती अडवायला उतारावर एकाच पातळीत खणलेले चर. २०१६ साली पहिल्या वॉटर कपसाठी, म्हणजे पाणी फाउंडेशनच्या गावागावांतल्या जलसंधारण स्पर्धेसाठी, जे तीन तालुके निवडले त्यात आपला कोरेगाव होता आणि पहिलं बक्षीस तिथल्याच वेळू गावानं घेतलं, त्यामुळे चर म्हणजे काय हे इकडे कुणाला समजवावं लागत नाही. आखायचा कसा, हे मात्र बहुतेकांना येत नाही.

सात-सात फुटांचे दोन सरळ बांबू वर बांधायचे, कमरेच्या उंचीला आडवी काठी, वरून दोऱ्याला दगड. ही ए-फ्रेम. वापरण्याआधी तिचा मध्य काढावा लागतो: जमिनीवर दोन खुणा, दोन्ही पाय त्यांवर, दोरा आडव्या काठीला जिथे लागतो तिथे रेघ. मग पाय उलटे करून त्याच खुणांवर ठेवायचे, दुसरी रेघ. दोन्हींच्या बरोबर मधली रेघ म्हणजे समपातळी. मग एक पाय रोवून दुसरा फिरवत, दोरा मधल्या रेघेवर आला की खाली फक्कीची खूण, असं पुढे. बांधलेला काथ्या दिवसभरात सैल होतो, म्हणून मध्य रोज सकाळी नव्यानं काढायचा. दहानंतर वारा सुटला की दोरा हलतो. दगड जड घ्या नाहीतर काम थांबवा. हायड्रोमार्करनं, म्हणजे पाणी भरलेल्या नळीनं पातळी दाखवणाऱ्या साधनानं, काम झपाट्यानं होतं, पण नळीत हवेचा बुडबुडा राहिला की तो बिनदिक्कत खोटं सांगतो.

एवढा कीस का काढायचा? साठ सेंटिमीटर रुंद, तीस खोल, दहा मीटर लांब चरात १,८०० लिटर पाणी मावतं. तोच चर एका टोकाला पंधरा सेंटिमीटर उतरता गेला तर पाणी उतरत्या टोकावरून सांडतं आणि आत राहतं १,३५०. वाया गेलेलं पाणी एकाच जागी सांडत राहतं, खालचा बांध फोडतं, आणि दोन पावसांत तिथे घळ पडते. माती अडवायला खणलेला चरच माती वाहून नेतो. उकरलेली माती उताराच्या बाजूला, चराच्या कडेपासून फूटभर सोडून टाकायची. काठाला लावली तर पहिल्याच वळवात परत आत.

नेतृत्व इथे येतं. चाळीस माणसं श्रमदानाला येणार म्हणजे वीस जोड्या: वीस टिकाव, वीस खोरी, चाळीस पाट्या, दांडे आदल्या रात्री पाण्यात भिजवलेले, म्हणजे ते फुगून टिकाव-खोऱ्यात घट्ट बसतात. मुरमाड जमिनीत एका जोडीनं दोन तासांत दोन-तीन मीटर काढलं तरी खूप झालं. आखणी तयार नसेल तर पहिला अर्धा तास लोक उभे राहतात, आणि दुसऱ्या दिवशी चाळीसाचे अठरा होतात. वरच्या आळीच्या शिवारात आधी का खालच्या, हा प्रश्न कुठलाही प्रशिक्षक सोडवून देत नाही. सरपंचांना विचारावं, पण ग्रामसभेत, त्यांच्या ओट्यावर नाही.

घरच्या वाटेचे तोटेही सांगायला हवेत. घर दोन तासांवर असतं हा सगळ्यात मोठा. बारसं, जागरण-गोंधळ, यात्रा, 'एवढं रेशनचं काम करून जा'. हिमनदीवर कुणी फोन करत नाही. दोराचं शिक्षण कच्चं राहतं: आपल्या बेसॉल्टच्या कडा दोर कापतात, खाली पॅड टाकायला लागतो, सुट्या दगडांवर विश्वास ठेवता येत नाही, आणि आग्या मोहोळ उठलं तर कुठलीच गाठ कामाची नाही. हे अनुभवी मंडळींसोबतच शिकावं. २८ जुलै २०१८ ला आंबेनळी घाटात बस दरीत गेली तेव्हा दोर घेऊन खाली उतरले ते इकडचेच ट्रेकर. असं काम पुढे करायचं असेल, सैन्यात जायचं असेल, किंवा गिर्यारोहण हाच पेशा करायचा असेल, तर बेसिकला पर्याय नाही. त्यांनी माझं ऐकू नये.

बाकीच्यांना, दुसरं सेमिस्टर मोकळं मिळत असेल तर, मी डिसेंबर ते फेब्रुवारी माण किंवा जत, आणि बेसिकची जागा मिळालीच तर ती मार्च-एप्रिलमध्ये, असं सुचवेन. साताऱ्याहून, सांगलीहून गोवा एक्स्प्रेसनं थेट दिल्ली, पुढे ऋषिकेश, तिथून उत्तरकाशीला दिवसभराची गाडी. जागा नाही मिळाली तरी सेमिस्टर वाया जात नाही, कारण मेपर्यंत चर आहेतच. पहिलं सेमिस्टर असेल तर मी रोपवाटिका आणि कासच धरीन.

कागदाचं एक. पुढच्या प्रवेशाला गॅप सर्टिफिकेट, म्हणजे नोटरीचं प्रतिज्ञापत्र, लागतं. हिमालयाचं प्रमाणपत्र त्याला जोडता येतं. चरांचं कुणी आपणहून देत नाही. म्हणून तारीखवार वही ठेवा, किती मीटर, किती माणसं. गाव सोडण्याआधी ग्रामपंचायतीच्या लेटरहेडवर सही-शिक्क्यासह पत्र घ्या, आणि ते भाऊसाहेबांची, म्हणजे ग्रामसेवकांची, बदली व्हायच्या आत घ्या.