केनियाच्या किनाऱ्यावरील मंडळ्यांची सहकुटुंब मिशन यात्रा : एक अभिप्राय

परदेशातील मंडळ्यांच्या, म्हणजे तिथल्या ख्रिस्ती उपासक समुदायांच्या, भेटीसाठी सहकुटुंब मिशन यात्रा आखून देणाऱ्या संस्थांची माहितीपत्रके पाहिली, तर त्यांत शाळेच्या भिंती रंगवणे, मुलांना खाऊ वाटणे, औषधांचे शिबिर घेणे असे कार्यक्रमच ठळकपणे दिलेले आढळतात. आम्ही दोघे, आमची दोन मुले आणि सासूबाई यांनी मोम्बासा आणि परिसरातील मंडळ्यांची जी यात्रा केली, तिचा मुख्य भर मात्र यजमान मंडळीच्या उपासनेत बसण्यावर आणि तिचे ऐकून घेण्यावर होता. या यात्रेतील जे जे मनापासून आवडले ते या एका भूमिकेमुळेच आवडले, आणि यात्रा जिथे कमी पडली तिथे आयोजकांना नेमका याच भूमिकेचा विसर पडला होता.

यात्रेतील सर्वोत्तम भाग राबाईचा. मोम्बासाच्या वायव्येला असलेल्या या गावाशी पूर्व आफ्रिकेतील प्रॉटेस्टंट मिशनकार्याचा आरंभ जोडलेला आहे. चर्च मिशनरी सोसायटी या इंग्लंडमधील मिशन संस्थेचे योहान लुडविग क्राफ १८४४ मध्ये मोम्बासाला आले. त्याच वर्षी त्यांची पत्नी आणि नवजात मुलगी दोघीही वारल्या, तरीही ते तिथेच राहिले आणि १८४६ मध्ये योहानेस रेबमान येऊन मिळाल्यावर दोघांनी राबाईला मिशनचे ठाणे उभारले. एवढा इतिहास कोणत्याही वाटाड्याकडून कळला असता. मराठी कुटुंबाच्या दृष्टीने अधिक जिव्हाळ्याचा भाग त्यापुढचा आहे, आणि तो आम्हांला राबाईच्या मंडळीतील एका वडीलधाऱ्या सभासदांनी चर्चच्या आवारात बसून सांगितला. समुद्रावर गुलामांच्या गलबतांतून सोडवलेल्या अनेक आफ्रिकी मुलांना त्या काळी नाशिकजवळच्या शरणपूरच्या मिशनमध्ये आणून शिक्षण आणि हस्तव्यवसाय शिकवले जात. स्कॉटिश मिशनरी आणि शोधप्रवासी डेव्हिड लिव्हिंगस्टन यांचे पार्थिव १८७३-७४ मध्ये आफ्रिकेच्या अंतर्भागातून किनाऱ्यापर्यंत आणणाऱ्यांमध्ये असलेला जेकब वेनराइट हा तिथलाच विद्यार्थी. शरणपूरचे कार्य सांभाळलेले विल्यम सॉल्टर प्राइस यांनी पुढे मोम्बासासमोर मुक्त गुलामांची वसाहत वसवली आणि झांझिबारच्या सुलतानाशी १८७३ च्या गुलामव्यापारबंदीच्या कराराची बोलणी करणारे मुंबईचे माजी गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांच्यावरून तिला फ्रिअर टाउन हे नाव मिळाले. शरणपुरात वाढलेले विल्यम जोन्स आणि इश्माएल सेमलर यांना १८८५ मध्ये बिशप जेम्स हॅनिंग्टन यांनी धर्मसेवेची दीक्षा दिली. त्याच वर्षी युगांडाच्या वाटेवर हॅनिंग्टन मारले गेले, तेव्हा त्या तांड्यातील वाचलेल्यांना घेऊन परतणारे जोन्सच होते.

आमच्या मुलांनी नाशिक हे नाव तिथे ऐकले तेव्हा ती ताठ होऊन बसली आणि नंतर बराच वेळ प्रश्न विचारत राहिली. शरणपुरात वाढलेल्या माणसांनी इथल्या मंडळीच्या उभारणीत वाटा उचलला, हे समजल्यावर आपण कोणाला काही द्यायला आलो आहोत ही भावना आपोआप गळून पडते. मिशन यात्रेची याहून चांगली सुरुवात मला सुचत नाही, आणि आयोजकांनी राबाईची भेट पहिल्या रविवारच्या आधी ठेवली याचे श्रेय त्यांना द्यायलाच हवे.

रविवारच्या उपासनेसाठी त्यांनी आम्हांला पाहुण्यांच्या पुढच्या रांगेत न बसवता कुटुंबाकुटुंबांमध्ये विखरून बसवले, हाही निर्णय अतिशय योग्य होता. उपासना स्वाहिलीत आणि दीर्घ असते. ‘ब्वाना असिफिवे’ (प्रभूची स्तुती असो) या अभिवादनाला सारी मंडळी ‘आमेन’ म्हणते, तेव्हा भाषा न कळणाऱ्यालाही सामील होता येते. उपासना संपल्यावर दानात आलेली कोंबडी, मका आणि केळीचे घड यांचा आवारात लिलाव झाला. सासूबाईंनी एक घड घेतला आणि तो शेजारी बसलेल्या बाईंनाच परत दिला, त्यावर झालेला आनंद कोणत्याही ठरवलेल्या कार्यक्रमात झाला नसता.

दुसऱ्या रविवारची आखणी मात्र निराशाजनक होती. एकाच सकाळी तीन मंडळ्यांना भेटी ठेवल्यामुळे एका ठिकाणी उपदेश चालू असतानाच आम्हांला उठावे लागले, आणि पाळकांनी (मंडळीच्या धर्मगुरूंनी) मध्येच थांबून आमच्यासाठी प्रार्थना केली तेव्हा मान वर करवेना. भेटींची संख्या वाढवण्याच्या हव्यासापायी यजमानांच्या उपासनेचा भंग होत असेल, तर अशी भेट नसलेली बरी. शब्बाथ शाळेची (मुलांच्या रविवारच्या धर्मशिक्षणाच्या शाळेची) भिंत रंगवण्याचा अर्धा दिवसही अनावश्यक होता. गावात रंगारी आहेत, आणि तेवढी मजुरी त्यांना शिलिंगमध्ये दिली असती तर भिंतही चांगली झाली असती. मुलांची छायाचित्रे काढण्यापूर्वी पालकांना विचारावे, अशी स्पष्ट सूचना यात्रेकरूंना कोणीही दिली नाही. शुल्कातील किती रक्कम यजमान मंडळ्यांपर्यंत पोहोचते याचा तपशील मी मागितला, तेव्हा ढोबळ उत्तर मिळाले. एवढ्या मोठ्या रकमेसाठी लेखी हिशेब मिळणे हा यात्रेकरूंचा आणि त्याहून अधिक त्या मंडळ्यांचा हक्क आहे.

व्यवस्थेबद्दल तक्रार नाही. जानेवारी २०२४ पासून केनियाने व्हिसाऐवजी प्रवासापूर्वीची ऑनलाइन परवानगी सुरू केली आहे, तिचे सारे काम वेळेत झाले. पीतज्वराची (यलो फीव्हरची) लस किमान दहा दिवस आधी घ्यावी लागते, कारण तिच्या प्रमाणपत्राशिवाय भारतात परतताना अडचण येते. प्लास्टिकच्या पिशव्यांवर तिथे २०१७ पासून कडक बंदी आहे, तेव्हा सामान कापडी पिशव्यांत भरावे. उन्हात उघड्यावर बरेच बसावे लागते, याची कल्पना ज्येष्ठांना आधीच द्यावी.

अशी यात्रा निवडताना एका रविवारी एकाहून अधिक मंडळ्या दाखवणारा कार्यक्रम नाकारावा आणि राबाईसाठी पूर्ण दिवस मागून घ्यावा. आमच्या आयोजकांनी पुढच्या वेळी हे दोन बदल केले आणि लेखी हिशेब दिला, तर आम्ही त्यांच्याबरोबरच पुन्हा जाऊ.