रेखाटनवही की कात्री?

नाशकात राहून निसर्ग रेखाटायचा नाही, हे जरा अवघडच. नांदूर मध्यमेश्वर हे पक्षी अभयारण्य, २०२० मध्ये रामसर यादीत (जगभरातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत) गेलेलं राज्यातलं पहिलं ठिकाण, सकाळी निघून दुपारी परतण्याजोगं आहे. जांभळी पाणकोंबडी तुमच्यासाठी थांबत नाही. पाठीची रेघ, पायांचा कोन पटकन टिपायचा आणि शेजारी लिहून ठेवायचं: चोच लाल, अंग निळं-जांभळं. सामान काय, २बी पेन्सिल आणि वही. सुरुवातीला बदक बटाट्यासारखं दिसेल, दिसू द्या.

कोलाजला, म्हणजे कागदाचे तुकडे चिकटवून केलेल्या चित्राला, ऊन-पावसाची पर्वा नाही. पिकासो आणि ब्राक या चित्रकारांनी १९१२ मध्ये कागद चित्रात चिकटवले; आपल्याकडे तर जुन्या लग्नपत्रिकांचा ढीगच असतो. हाताने फाडलेल्या कागदाची पांढरी कड डोंगरमाथ्याला फार शोभते, कात्रीने ती येत नाही. फेव्हिकॉलचा थर पातळच हवा, नाहीतर सुरकुत्या पडतात. पसारा मात्र घरच्यांना सोसावा लागतो.

चित्र जमत नाही म्हणून हात आखडत असेल, तर कोलाज बरं. मी मात्र आधी वहीच सुचवेन, नजर तयार होते. मग पावसाळ्यात तीच रेखाटनं फाडून कोलाजमध्ये लावायची, धीर होत असेल तर.