माशाचे फिले काढायला घडीचा चाकू: कोणता घ्यावा, कोणता टाळावा

फिले म्हणजे काट्यापासून सोडवलेला माशाच्या मांसाचा सलग तुकडा. तो काढायच्या चाकूकडून आणि खिशातल्या चाकूकडून आपल्या अपेक्षा अगदी उलट्या असतात. फिलेसाठी पातं लांब, अरुंद, पातळ आणि वाकणारं लागतं. खिशातल्या चाकूने दोरी कापायची, काठी तासायची, खोकी फोडायची, म्हणून त्याचं पातं आखूड आणि जाड, बरेचदा ३ मिलिमीटरचं. दोन्ही गुण पूर्णपणे एका चाकूत येत नाहीत. तेव्हा निवड करायची ती कशावर पाणी सोडायचं याची.

त्याआधी एक प्रश्न स्वतःला विचारा: घडीचाच का? बॅगेत किंवा मासेमारीच्या पेटीत म्यान ठेवायला जागा असेल, तर १५ ते २० सेंटिमीटर पात्याचा साधा, न मिटणारा फिलेचा चाकू घ्या आणि मोकळे व्हा. त्याला बिजागरी नाही, खाचा नाहीत, तो धुवायला दोन मिनिटं लागतात. पाठीवर बिऱ्हाड घेऊन चालणाऱ्याला, सायकलवरून किंवा छोट्या होडीतून जाणाऱ्याला घडीच्या चाकूचा खरा उपयोग. पुढचं सगळं त्यांच्यासाठी आहे.

लांबीचं गणित सोपं आहे, पण विकत घेताना हटकून विसरलं जातं. पातं मुठीत मावायला हवं, म्हणजे मूठ पात्याहून लांब असणारच. १६ सेंटिमीटर पात्याचा चाकू मिटल्यावरही खिशाबाहेर डोकावतो. दुसरीकडे, पातं माशाच्या रुंदीपेक्षा, म्हणजे पाठीपासून पोटापर्यंतच्या अंतरापेक्षा, थोडं तरी लांब हवं. तसं असलं की काट्याच्या अंगाने एकाच ओढीत मांस सुटतं. नसलं की करवतीसारखं मागेपुढे करावं लागतं आणि फिलेचा पृष्ठभाग फाटका दिसतो. बांगड्याएवढ्या माशाला १० सेंटिमीटर भरपूर. दोन-तीन किलोच्या माशाला ते पुरत नाही, हात कितीही बसलेला असो.

बारीक पात्याचा, लाकडी मुठीचा

या प्रकारात ओपिनेल या फ्रेंच कंपनीची ‘एफिले’ मालिका सगळ्यात परिचित. ८, १०, १२ आणि १५ असे क्रमांक, आणि पात्याची लांबीही तितकेच सेंटिमीटर. पातं अरुंद, टोक वर उचललेलं, धार पातळ. माझ्या मते १० किंवा १२ क्रमांक हा खिसा आणि मासा यांच्यातला सगळ्यात समंजस तोडगा आहे. पातं फारसं वाकत नाही हे खरं, पण लहान माशाला पातळपणा जास्त उपयोगी पडतो.

याचं कुलूप, म्हणजे उघडलेलं पातं मिटू न देणारी योजना, हे मुठीच्या तोंडाशी फिरणारं धातूचं कडं आहे. कंपनीने ते १९५५ मध्ये आणलं. हात बुळबुळीत असताना कडं फिरवायला त्रास होतो, पण त्याच कारणाने ते चुकून उघडतही नाही. खरी अडचण लाकडाची आहे. ते पाणी पितं, फुगतं आणि पात्याला आवळून धरतं. मग चाकू उघडता उघडत नाही. मुठीचं टोक टेबलावर आपटलं की पातं थोडं बाहेर येतं, पण दिवसभर ओल्या होडीत हा खेळ नकोसा होतो. रक्त आणि खवले मुठीच्या चिरेत जातात ते वेगळंच.

मोठा, खास फिलेसाठी बनवलेला घडीचा

केरशॉ कंपनीचा घडीचा फिलेचा चाकू हे याचं उदाहरण: सुमारे १६ सेंटिमीटरचं पातं, ४२०जे२ पोलाद, रबरासारखी पकड देणारी मूठ. पातं खरोखर वाकतं, ओल्या हातातून मूठ निसटत नाही, आणि मध्यम आकाराच्या माशाला लांबी पुरते. बाजू इथपर्यंत भक्कम.

पण अशा चाकूत वाक दोन ठिकाणी येतो: पात्यात आणि बिजागरीत. पात्याचा वाक आपल्या हातात असतो, बिजागरीचा नसतो. कातडी सोडवताना पातं फळीवर जवळजवळ आडवं ठेवून दाबावं लागतं. तो सगळा आडवा ताण बिजागरीवर येतो आणि कालांतराने ती ढिली पडते. त्यात घडीच्या चाकूची मूठ जाड, त्यामुळे पातं फळीला टेकतच नाही. उपाय एकच: मासा फळीच्या कडेला घ्या आणि मूठ कडेच्या बाहेर राहू द्या. आणि घेताना बिजागरीचा स्क्रू घट्ट करता येतो का ते पाहा. रिव्हेट, म्हणजे कायमचा ठोकून बसवलेला खिळा, असेल तर ढिला झालेला चाकू ढिलाच राहतो.

रोजचा खिशातला चाकू

जवळ आहे तोच वापरावा, हा विचार वाईट नाही. पोट फाडायला, कल्ले काढायला आखूड आणि ताठ पातं उलट जास्त सोयीचं. फिले मात्र जाडेभरडे निघतात आणि काट्यावर बरंच मांस राहतं. खाऱ्या पाण्यावर असाल तर स्पायडर्को कंपनीच्या ‘सॉल्ट’ मालिकेकडे पाहायला हरकत नाही. तिच्यात बरीच वर्षं वापरलं गेलेलं एच-१ पोलाद कार्बन अगदी कमी ठेवून नायट्रोजनवर बनवलेलं आहे, त्यामुळे समुद्राच्या पाण्यातही त्याला गंज चढत नाही. फिलेसाठी ते पातं जाडच आहे, हे विसरू नका.

बदलता येणाऱ्या पात्यांचे चाकूही मिळतात. नवं पातं विलक्षण धारदार असतं, पण माशाच्या चिकट हातांनी ते बदलणं हा मला या सगळ्यातला सगळ्यात धोक्याचा क्षण वाटतो. मी नाही सुचवणार.

कुलूप आणि पोलाद

पोलादावर लोक तासन्‌तास बोलतात, कुलपाबद्दल क्वचित. माझा क्रम उलटा आहे. कापताना दाब धारेवर येतो, तोवर कुलपाविना चाकूही मिटत नाही. धोका असतो टोक खुपसताना, आणि फासळ्यांत अडकलेलं पातं ओढून काढताना. तेव्हा जोर पात्याच्या पाठीवर येतो आणि स्प्रिंगच्या भरवशावर उभं असलेलं पातं सरळ बोटांवर मिटतं. हात कोरडे असताना माणूस सावरतो, माशाच्या बुळबुळीत लेपात सावरत नाही. म्हणून फिलेसाठी कुलूप नसलेला चाकू घेऊच नये. यात मला दुसरी बाजू दिसत नाही. फक्त काही देशांत कुलपाच्या घडीच्या चाकूवरच निर्बंध आहेत, तेव्हा बरोबर नेण्याआधी तिथला नियम पाहावा. विमानात तो हातातल्या सामानात चालत नाही.

पोलादाचं थोडक्यात: ४२०जे२ मऊ, गंजाला दाद न देणारं, धार लवकर जाते, पण दगडावर तितक्याच लवकर येते. ओपिनेलच्या स्टेनलेस पात्यांतलं १२सी२७ (कार्बन सुमारे ०.६ टक्के, क्रोमियम सुमारे १३.५) धार जास्त टिकवतं. साधं कार्बन पोलाद सुरेख धार घेतं, पण खाऱ्या पाण्यात काही तासांत डाग धरतं. धारेचा कोन दर बाजूला १५ अंशांच्या आसपास ठेवला तर यातलं कोणतंही पोलाद मासा नीट कापतं. २५ अंशांवर कोणतंच नाही.

धुण्याचा विचार दुकानातच करा. मूठ आरपार उघडी असेल तर नळाखाली धरून खवले निघून जातात. बंद मुठीत ते आत सडतात आणि वास जात नाही. खाऱ्या पाण्यानंतर गोड्या पाण्याने धुवा, पातं उघडं ठेवून वाळवा, बिजागरीत खाण्याला चालणाऱ्या खनिज तेलाचा थेंब सोडा.

हातात दोन-तीन चाकू असतील तर अशी पारख करा. उघडून कुलूप लावा, पात्याची बाजू फळीवर टेकवून मूठ हळूच दाबा आणि टोकाकडे न बघता बिजागरीकडे बघा. पातं वाकत असेल तर हरकत नाही. पात्याच्या बुडाशी फट उघडत असेल, तर तो चाकू परत ठेवा.