हॅमस्टरचं घर : रोज थोडं, अधूनमधून अर्धं, की सगळंच रिकामं?

दर रविवारी पिंजरा रिकामा करून घासायचा, आणि मंगळवारी पुन्हा नाकाला रुमाल. हॅमस्टर पाळणाऱ्यांची ही नेहमीची तक्रार. बहुतेकदा यामागे ती रविवारची सफाईच असते. सीरियन हॅमस्टरच्या दोन्ही कुशींवर आणि बुटक्या जातींच्या पोटावर गंधग्रंथी असतात. नजर अधू असल्यामुळे आपलं घर, बिछाना, कोठार हे सगळं तो नाकाने ओळखतो. तो गंध एकदम पुसला गेला की तो जागोजाग अंग घासतो, नको तिथे मुततो, चाकावर वेड्यासारखा धावतो, गज चावत बसतो. वास वाढतो आणि तुम्ही पुन्हा ब्रश घेता.

म्हणून प्रश्न किती वेळा साफ करायचं एवढाच नाही. एका वेळी त्याच्या घरातलं किती हलवायचं, हे आधी ठरवायला हवं.

रोजची वेचणी

पाच मिनिटांचं काम. संध्याकाळी तो आपणहून उठून बाहेर आला की करा; दिवसा झोपेतून उठवून कधीच नाही. सीरियन हॅमस्टर बहुधा एकच कोपरा मुतायला धरतो. तिथला ओला गठ्ठा जुन्या चमच्याने उचला आणि तेवढंच कोरडं बेडिंग, म्हणजे पिंजऱ्यात अंथरायचा कागद किंवा लाकडाचा कीस, घाला. काकडी-गाजराचा उरलेला तुकडा काढा. बाटलीखालची जागा चाचपून बघा: ओलं दिसलं की मूत समजून सगळं उपसणारे बरेच असतात, गळत असते बाटली. घरट्याला हात लावायचा नाही.

त्याच कोपऱ्यात वाळूची उथळ वाटी ठेवली तर काम निम्मं होतं. नदीची वाळू धुऊन, चाळून, कढईत भाजून गार केलेली चालते. चिंचिलासाठी विकतात ती बारीक भुकटी नको, ती फुप्फुसात जाते. बुटक्या जाती मात्र वाटीला जुमानतीलच असं नाही.

अर्धी बदल

रोजच्या वेचणीला हीच जोड द्यावी, असं आमचं स्पष्ट मत. हॅमस्टरला कपात किंवा नळीत शिरू द्या आणि त्याच्याच घरट्यातलं मूठभर बेडिंग घातलेल्या, हवेशीर झाकणाच्या डब्यात ठेवा. घरटं अख्खं उचलून बाजूला ठेवा. ओलं आणि मातकट झालेलं तेवढं टाका; कोरडं निम्मं तरी परत आत गेलं पाहिजे. नवं खाली आणि जुनं वर पसरा, म्हणजे आत पाऊल टाकताच ओळखीचा वास लागतो. घरटं होतं त्याच कोपऱ्यात ठेवा. साठवलेल्या दाण्यांतले ओले, बुरसटलेले टाका आणि सुके जागच्या जागी ठेवा. कोठार रिकामं सापडलं तर तो आणखी हावरेपणाने साठवतो. चाक आणि लाकडी घर त्याच दिवशी धुऊ नका, आठवडाभराने धुवा.

सगळं रिकामं

हे औषधासारखं, लागेल तेव्हाच. गोचीड-किड्यांचा प्रादुर्भाव, बेडिंगभर बुरशी, बाटली फुटून तळापर्यंत पाणी, जुलाबाचा आजार, किंवा आधीचा प्राणी गेल्यावर नवा आणणं, एवढीच कारणं. शेपटीखाली ओलं राहणारा जुलाब तरुण सीरियनमध्ये झपाट्याने जिवावर बेततो; तिथे आधी पशुवैद्य, मग पिंजरा. संसर्ग असेल तर जुन्या बेडिंगची मूठही परत घालायची नाही. अशा वेळी ताण परवडला.

पिंजऱ्याचा आकार निम्मा निर्णय घेतो

60 बाय 30 सेंमीच्या पिंजऱ्यात चार बोटं भुसा असेल तर तो काही दिवसांतच भिजतो, आणि आठवड्याला अर्धी बदल टळत नाही. 100 बाय 50 सेंमीच्या पेटीत 25 सेंमी बेडिंग दाबून भरलं तर ओलावा एका जागी राहतो. रोजची वेचणी नीट असेल तर अर्धी बदल महिना-दीड महिन्याने पुरते. मोठी पेटी महाग पडते, पण दर आठवड्याची उपसाउपसी वाचते. शिवाय 2006 साली प्रसिद्ध झालेल्या एका स्विस अभ्यासात 10, 40 आणि 80 सेंमी बेडिंगवर ठेवलेल्या सीरियन हॅमस्टरांची तुलना झाली होती. त्यात 10 सेंमीवाले गज जास्त चावत होते. बीळ खणणाऱ्या प्राण्याला चार बोटांत काय खणता येणार?

काय अंथरायचं

कागदाचं बेडिंग ओलावा चांगला शोषतं आणि बिळाचा आकार टिकवतं. किंमत तेवढी बोचते. अॅस्पेन या झाडाच्या लाकडाचा कीस स्वस्त आणि सुरक्षित, पण त्यात बीळ ढासळतं. दोन्ही मिसळले तर उत्तम. देवदार आणि न भट्टीत वाळवलेलं चीड टाळा. त्यांचा सुवास म्हणजेच श्वासनलिकेला त्रास देणारी द्रव्यं. सुताराकडचा फुकट भुसा तर नकोच, त्यात प्लायवूडचा डिंक आणि बारीक धूळ असते. मक्याच्या दाणे काढलेल्या कणसाचा भरडा ओला झाला की बुरसतो. घरट्यासाठी ‘मऊ’ म्हणून विकला जाणारा कापूस पायांना गुंडाळतो आणि गालांच्या पिशव्यांत अडकतो. बिनवासाचा साधा टॉयलेट पेपर फाडून द्या, घरटं तो स्वतः रचेल.

कशाने पुसायचं

मुताचे पांढरे, दगडासारखे डाग पांढऱ्या व्हिनेगरमध्ये तेवढंच पाणी मिसळून दहा मिनिटं ठेवले की सुटतात. मग साध्या पाण्याने धुऊन पूर्ण कोरडं करा. लाकडी घर भिजवू नका, नुसतं पुसून वाळवा. रोजच्यासाठी गरम पाणी पुरतं. फिनाईल आणि सुगंधी फवारे या प्राण्याच्या जवळपासही नकोत. संसर्गानंतर ब्लीच वापरायचंच असेल तर व्हिनेगरबरोबर चुकूनही नाही, त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो.

पावसाळा आणि बाळंतीण

मुंबई-कोकणात जून ते सप्टेंबर हवाच इतकी दमट की कोरडं बेडिंगही ओल धरतं. या दिवसांत वेळापत्रक बाजूला ठेवा आणि दोन दिवसांआड कोठार तपासा. ओला खाऊ नखाएवढा द्या. पिंजरा भिंतीपासून हातभर दूर ठेवा.

मादी व्यायली असेल तर वरचं सगळं रद्द. पहिले दोन आठवडे घरट्याला, पिल्लांना हात नाही. घाबरलेली आई पिल्लं खाऊन टाकते. फक्त दाणा-पाणी आणि लांबच्या कोपऱ्यातला ओला गठ्ठा, तोही ती जेवायला उठली असतानाच. वास आला तर खिडकी उघडा.