इंजेक्शन काढून कार्ब्युरेटर बसवण्याच्या नावाखाली झालेली फसवणूक

फ्युएल इंजेक्शनची मोटरसायकल वारंवार बंद पडू लागली की "इंजेक्शन काढून टाका, कार्ब्युरेटर बसवा" असा सल्ला गोव्यात हमखास मिळतो आणि त्याच्या समर्थनार्थ खारी हवा व पावसाळ्यातील दमटपणा पुढे केला जातो. इंजेक्शन पेट्रोल विजेच्या यंत्रणेने मोजून सोडते, कार्ब्युरेटर तेच काम जुन्या यांत्रिक पद्धतीने करतो. हा सल्ला प्रत्येक वेळी खोटाच असतो असे नाही. परंतु त्याच सल्ल्याआडून म्हापशाजवळच्या एका गॅरेजने माझ्याकडून 46,000 रुपये घेतले, मूळ बिघाडाला हातही लावला नाही आणि गाडीचे चांगले सुटे भाग परस्पर विकले. प्रकरण ग्राहक आयोगापुढे असल्यामुळे गॅरेजचे नाव लिहीत नाही. पद्धत मात्र सविस्तर लिहितो, कारण कस्टम गाडी बाळगणारा कोणीही तिच्यात सापडू शकतो.

गाडी 2015 सालची रॉयल एनफील्ड क्लासिक 500, आधीच्या मालकाने बॉबर करून घेतलेली. मागचा मडगार्ड छाटलेला, सीट एकट्याची, दोन्ही बाजूंच्या पेट्या काढलेल्या आणि त्या पेट्यांच्या आड असणारे विजेचे सगळे सामान सीटखाली कोंबलेले. खड्ड्यातून किंवा गतिरोधकावरून गेले की इंजिन एकाएकी बंद पडत असे. चावी बंद करून पुन्हा फिरवली की ते लगेच, काहीच न घडल्यासारखे सुरू होई. ही खूण मी गॅरेजमध्ये पहिल्याच दिवशी सांगितली होती आणि नंतर व्हॉट्सअ‍ॅपवर लिहूनही पाठवली होती.

गॅरेजच्या मालकाने निदान-यंत्र जोडले नाही. मीटरमधला इंजिनाचा इशारा-दिवा पाहून त्याने, "बाब, तुमचा ईसीयू अर्धा मेला आहे, पंप जायच्या बेतात आहे, नवे घ्याल तर लाखाच्या घरात जाल," असे सांगितले. ईसीयू म्हणजे इंजिनाचे नियंत्रण करणारा छोटा संगणक. कार्ब्युरेटर बसवला की सेन्सरची कटकटच राहणार नाही, रस्त्यात कोणताही मिस्त्री गाडी उघडू शकेल, असेही तो म्हणाला. शेवटचे वाक्य अगदी खरे आहे आणि म्हणूनच ते इतके चालते. दांडेलीच्या वाटेवर गाडी अडली तर स्क्रू-ड्रायव्हरने सुटणारा बिघाड कोणाला नको असतो? मिकुनी या जपानी कंपनीचा नवा 34 मिलिमीटरचा कार्ब्युरेटर, नवे मॅनिफोल्ड (कार्ब्युरेटर इंजिनाला जोडणारी नळी), टाकीला पेट्रोलचा कॉक, वायरिंग आणि ट्यूनिंग असा हिशेब त्याने एका चिठ्ठीवर लिहून दिला. रक्कम रोख मागितली. जीएसटीचे बिल "काम संपल्यावर" मिळणार होते. ते आजतागायत मिळालेले नाही.

इंजेक्शनच्या गाडीत टाकीतला पंप साधारण 3 बार दाबाने पेट्रोल पाठवतो, थ्रॉटल बॉडीवरचे (इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणाऱ्या भागावरचे) आणि इंजिनावरचे सेन्सर ईसीयूला माहिती देतात आणि ईसीयू दोन गोष्टी ठरवतो: पेट्रोल किती सोडायचे आणि ठिणगी केव्हा टाकायची. कार्ब्युरेटर यांतील पहिलेच काम घेतो. ठिणगीचे काम कोण करणार, या प्रश्नाला दोनच उत्तरे आहेत. एक तर वेगळे, त्या इंजिनाला जुळणारे इग्निशन युनिट बसवायचे, किंवा ईसीयू जागेवर ठेवून, थ्रॉटल किती उघडले हे सांगणारा सेन्सर कार्ब्युरेटरलाही जोडून, केवळ ठिणगीपुरता त्याचा उपयोग करायचा. माझ्या गाडीत त्याने ईसीयू तसाच ठेवला, तोच "अर्धा मेलेला" ईसीयू, आणि थ्रॉटलच्या सेन्सरची वायर टेप गुंडाळून मोकळी सोडून दिली. त्यामुळे इशारा-दिवा सतत पेटत राहिला असता. म्हणून त्याने मीटर उघडून त्या दिव्याचा बल्बच काढून घेतला. एवढ्या सगळ्या प्रकारात मला सर्वांत जास्त संताप आला तो या हातचलाखीचा. बाकीचे निष्काळजीपणात खपवता येईल, बल्ब काढणे खपवता येत नाही.

गाडी ताब्यात आली तेव्हा ती जागच्या जागी झकास वाजत होती. रस्त्यावर मात्र थ्रॉटल सोडताच सायलेन्सरमध्ये फटाके, वरच्या वेगाला दम कोंडल्यासारखी अवस्था आणि चोर्ला घाट चढताना इंजिनात स्पष्ट ठोके ऐकू येऊ लागले. प्लग काढून पाहिला तर तो खडूसारखा पांढरा. मिश्रणात पेट्रोल कमी आणि हवा जास्त असल्याची ही जुनी खूण आहे. गॅरेजचे उत्तर ठरलेले होते: "जेट बसायला थोडा वेळ लागतो." जेट हा पितळेचा, ठरावीक छिद्राचा तुकडा असतो, तो वापराने "बसत" नाही, बदलावा लागतो.

याहून मोठी गोष्ट म्हणजे गतिरोधकावर गाडी पूर्वीसारखीच बंद पडत होती आणि चावी फिरवली की पूर्वीसारखीच सुरू होत होती.

शेवटी डिचोलीतल्या एका ऑटो-इलेक्ट्रिशियनने सीट काढली आणि वायरिंगच्या गुंत्यात प्लॅस्टिकच्या पट्टीने लटकवलेली एक छोटी काळी डबी दाखवली. तो गाडी कलंडल्याचे ओळखणारा सेन्सर होता. गाडी आडवी पडली तर इंजिन आणि पंप बंद व्हावेत म्हणून तो बसवलेला असतो; त्याची जागा आणि दिशा ठरलेली असते आणि तो फ्रेमला घट्ट बसलेला असावा लागतो. बॉबर करताना पेट्या काढल्या तेव्हा त्याचा आधार गेला. मोठा धक्का बसला की डबी उलटी होई, गाडी पडली असे ईसीयू समजे आणि ठिणगी तोडे. चावी बंद केली की त्याची स्थिती पुन्हा मूळपदावर येई. लोखंडी पट्टीचा एक तुकडा, दोन रबरी वॉशर आणि दोन बोल्ट एवढ्यात हे काम झाले, आणि त्याचे त्याने 300 रुपये घेतले. इंजेक्शन निर्दोष होते.

त्यानेच कार्ब्युरेटर उतरवला. अंगावर यूकॅलचा शिक्का होता. ही चेन्नईची कंपनी मिकुनीच्या तंत्रज्ञानावर कार्ब्युरेटर बनवत आली आहे आणि त्यांत वाईट काही नाही, पण हा होता क्लासिक 350 वरचा 29 मिलिमीटरचा, झिजलेल्या स्लाइडचा, कुठल्या तरी भंगार गाडीतून काढलेला कार्ब्युरेटर. 499 सीसीच्या इंजिनाला तो 350 च्या जेटांसकट बसवला होता. मॅनिफोल्डच्या जागी जाड रबरी पाइप क्लिपने आवळलेला होता आणि त्याच्या सांध्यातून हवा आत जात होती. अस्सल मिकुनी जेटवर चौकटीतल्या चौकटीसारखी बारीक खूण कोरलेली असते. नकली कार्ब्युरेटर ओळखायची ही एक सोपी जागा आहे, भिंग मात्र जवळ हवे. टाकीच्या तळाला पंपाचे भोक पत्रा लावून साध्या सिलिकॉनने बुजवले होते. पेट्रोलमध्ये असे सिलिकॉन फुगते आणि सुटते. तिथून गरम इंजिनावर थेंब पडू लागले होते. फसवणुकीपेक्षा जिवावर बेतणारा प्रकार हाच होता.

काढलेल्या भागांबद्दल विचारले तेव्हा ते "भंगारात गेले" असे उत्तर मिळाले होते. पुढे एका मित्राने जुन्या सुट्या भागांच्या विक्रीचा फोटो दाखवला, त्यात पंपाच्या चकतीवर माझ्या टाकीच्या शेवाळी रंगाचा फवारा उडालेला स्पष्ट दिसतो. सोबत थ्रॉटल बॉडी आणि इंजेक्टर, आणि वर्णनात "उत्तम चालू स्थितीत" हे शब्द.

कायद्याची बाजू गॅरेजने एका शब्दानेही सांगितली नव्हती. मोटार वाहन कायद्याचे कलम 52 उत्पादकाच्या मूळ विनिर्देशांपासून वेगळे करणाऱ्या बदलांना मर्यादा घालते, आणि कलम 182अ नुसार परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलासाठी मालकाला 5,000 रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात. बॉबर केलेल्या गाडीच्या मालकाने हे लिहावे याचे कोणाला हसू येईल, तर येवो. पण छाटलेला मडगार्ड ही एक गोष्ट आणि उत्सर्जनाशी थेट संबंध असलेली यंत्रणाच उपटून काढणे ही दुसरी. अपघातानंतर विमा कंपनीला दावा नाकारायला हे कारण पुरू शकते. 1 एप्रिल 2020 नंतरच्या, बीएस-6 या कडक उत्सर्जन मानकाच्या गाडीत तर कोणी हा उद्योग सुचवत असेल, तर तिथूनच उठून यावे.

गाडी पूर्वपदावर आणायला पंप, थ्रॉटल बॉडी आणि इंजेक्टर पुन्हा विकत घ्यावे लागले. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जळला होता, तोही बदलला. वकिलामार्फत पाठवलेल्या नोटिशीला गॅरेजने "ग्राहकाने स्वतःच्या हौसेने कार्ब्युरेटर मागितला" असे उत्तर दिले आहे. ईसीयू निकामी असल्याचा त्याचा व्हॉट्सअ‍ॅपवरचा संदेश, मिकुनीचा उल्लेख असलेली चिठ्ठी, विक्रीच्या फोटोची प्रत आणि डिचोलीच्या इलेक्ट्रिशियनचे लेखी निवेदन मी तक्रारीला जोडले आहे. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार जिल्हा आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते, सेवेसाठी दिलेला मोबदला 5 लाखांपर्यंत असेल तर शुल्क लागत नाही आणि प्राथमिक मार्गदर्शन ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 या क्रमांकावर मिळते. ज्यांच्या गाडीचे भाग याच रीतीने "भंगारात" गेले असतील, त्यांनी आपल्या चिठ्ठ्या आणि संदेश जपून ठेवावेत. दिव्याचा बल्ब जागेवर आहे का, तेही आजच पाहावे. चावी फिरवल्यावर तो काही क्षण पेटलाच पाहिजे.